डॉल्फिनसोबत पोहायचं पॅकेज घ्यावं का? त्यांना खरंच स्ट्रेस येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई सुट्टीत दोन मुलांना घेऊन दुबईला चालल्यात, टूरवाल्याने पॅकेजमध्ये डॉल्फिनसोबत पोहायचं सेशन टाकून दिलंय, मुलं हट्टाला पेटलीयेत. नवरा म्हणतो एवढे पैसे घेतात म्हणजे प्राण्यांना नीटच ठेवत असणार, जाऊबाई म्हणतात ते बिचारे डिप्रेशनमध्ये असतात, आणि ताईंनी कुठेतरी वाचलंय की रक्तातलं स्ट्रेस हार्मोन तपासून सिद्ध झालंय की त्यांना काहीच त्रास नसतो. शिवाय बहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे, त्याला 'डॉल्फिन थेरपी'साठी सोबत न्यावं का हाही एक प्रश्न आहे.

मी या धंद्यात बरीच वर्षं काढलीयेत, आधी ट्रेनर म्हणून आणि नंतर व्हेटच्या टीममध्ये, सगळं भारताबाहेर. कुठे ते सांगत बसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या त्या अर्ध्या तासाने डॉल्फिनला बहुतेक वेळा फारसं काही होत नाही. त्रास असतो तो उरलेल्या साडेतेवीस तासांत, आणि त्याहून जास्त या गोष्टीत की त्याला "आज नको" म्हणायची सोय आहे का, आणि तो नको म्हणाला तर पुढे काय होतं. वाद घालणारे दोन्ही बाजूचे लोक त्या अर्ध्या तासावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहून जातो.

आता अभ्यास काय सांगतात ते बघा, कारण दोन्ही बाजूंना हवं ते सापडतं. न्यूझीलंडमध्ये नेपियर गावात मरीनलँड म्हणून जागा होती, तिथल्या कॉमन डॉल्फिन्सवर 2003 मध्ये एक पेपर आला. माणसं पाण्यात उतरली की हे डॉल्फिन माणसांना बंदी असलेल्या कोपऱ्यात जास्त वेळ काढायला लागायचे. म्हणजे सोय दिली तर त्यांनी ती वापरली, एवढं साधं. उलट अमेरिकेत मिसिसिपीमधल्या गल्फपोर्टला 2005 च्या एका अभ्यासात असं दिसलं की सेशनचा तात्पुरता वाईट परिणाम दिसत नाही, उलट सेशन झाल्यावर खेळणं वाढलं. दोन्ही खरं असू शकतं, कारण जागा वेगळी, जात वेगळी, ट्रेनर वेगळे. त्याच्याही आधी 1995 मध्ये सॅम्युअल्स आणि स्प्रॅडलिन या दोघांनी अमेरिकेतल्या अशा चार ठिकाणांची निरीक्षणं छापली होती. त्यात मुख्य फरक निघाला तो ट्रेनरच्या कंट्रोलचा. जिथे माणसं आणि डॉल्फिन एकत्र सोडून दिलेले होते तिथे आक्रमक आणि लैंगिक वागणं, माणसाला धोका होईल असं वागणं जास्त, आणि जिथे ट्रेनर प्रत्येक हालचाल चालवत होता तिथे बरंच कमी. मग सगळीकडे ट्रेनरवालं मॉडेल आलं, जे तुम्हाला दुबईत दिसेल: कंबरभर पाण्यात रांगेत उभं राहायचं, शिट्टी वाजते, डॉल्फिन येतो, गालाला तोंड लावतो, फोटो, पुढचा नंबर. माणसांसाठी हे सुरक्षित झालं यात शंका नाही, पण डॉल्फिनच्या हातात जे थोडं ठरवायचं होतं तेही गेलं.

अमेरिकेने 1998 मध्ये या सेशनसाठी नियम केले होते. एका डॉल्फिनला दिवसात जास्तीत जास्त 2 तास लोकांमध्ये काम, चोवीस तासांत सलग 10 तास पूर्ण सुट्टी, आणि डॉल्फिनला हवं तेव्हा जाऊन बसता येईल अशी माणसांना बंदी असलेली जागा. फार भारी नियम होते असं नाही, पण निदान काहीतरी आकडा होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1999 मध्ये, ते स्थगित झाले. तरी मी कुठल्याही जागेचं वेळापत्रक बघताना मनात हाच 2 तासांचा आकडा धरतो, आणि सीझनमध्ये बऱ्याच ठिकाणी तो पाळणं धंद्याला परवडत नाही हे मी जवळून बघितलंय.

आता ते हार्मोन. कॉर्टिसॉल मोजून "स्ट्रेस नाही" असं सर्टिफिकेट देणारा माणूस एकतर नवीन आहे किंवा काहीतरी विकतोय. डॉल्फिनमध्ये कॉर्टिसॉल मुळात कमी असतं, सकाळी वर, संध्याकाळी खाली असा त्याचा दिवसाचा चढउतार असतो, आणि रक्त काढण्यासाठी प्राण्याला जाळ्यात घेतलं तर तो पकडण्याचाच ताण रिपोर्टमध्ये दिसायला लागतो. म्हणून चांगल्या जागी डॉल्फिनला शिकवतात की शेपटी ट्रेनरच्या मांडीवर ठेवून शांत पडून राहायचं, मग शेपटीच्या शिरेतून सॅम्पल घेतात, ते बरं असतं. पण तेही त्या क्षणाचं. विष्ठेतून मोजलं तर काही तासांपूर्वीचं कळतं, चरबीच्या थरातून मोजलं तर त्याहून लांबचं, आणि डॉल्फिनमध्ये तर अल्डोस्टेरॉन नावाचं दुसरं हार्मोनही ताणात वर जातं जे बरेच लोक मोजतच नाहीत. आणि खरी मेख पुढेच आहे, महिनोन्‌महिने ताण असेल तर कॉर्टिसॉल वर राहीलच असं नाही, शरीर थकून प्रतिसादच कमी देऊ शकतं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल आणि प्राणी कोपऱ्यात निपचित, असं होऊ शकतं. एका सॅम्पलवरून ना तुमच्या नवऱ्याचं म्हणणं सिद्ध होतं ना जाऊबाईंचं.

मग आम्ही बघायचो काय? चेहरा अजिबात नाही. तो हसरा चेहरा म्हणजे जबड्याची ठेवण आहे, आजारी डॉल्फिनचाही तोच असतो. बघायचा तो श्वास. आरामात असलेला डॉल्फिन मिनिटाला साधारण दोन-चार वेळा श्वास घेतो, तो वाढला, किंवा मधेच फटाका फुटल्यासारखा जोरात सोडला तर आमचे कान टवकारायचे. जबडा खटकन आपटणं, तोंड उघडून डोकं झटकणं, शेपटी पाण्यावर फटाफट मारणं, हे सगळं "लांब राहा" या अर्थाचं, आणि गंमत म्हणजे शेपटी मारली की पब्लिक टाळ्या वाजवतं. अंगावर समांतर ओरखडे असतात ते दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे. थोडे असणं नॉर्मल, समुद्रातल्यांनाही असतात. पण एकाच प्राण्यावर रोज नवीन ताजे दिसले तर समजायचं की त्याला कुणीतरी हाणतंय आणि त्याला पळायला जागा नाही. त्याखेरीज एकाच दिशेने एकाच रेषेत तासन्‌तास गोल गोल फिरणं, पाण्यावर ओंडक्यासारखं पडून राहणं, खाल्लेलं तोंडात परत आणून पुन्हा गिळणं, भिंत किंवा गेट चावत बसणं ज्याने दात झिजून सपाट होतात. पडून राहणं म्हणजे झोपही असू शकते हां, ते अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, त्यामुळे पाच मिनिटं बघून निकाल देऊ नका. आणि सगळ्यात आधीचं लक्षण आम्हाला फिश किचनमध्ये कळायचं, बादलीत मासे उरले की.

इथे खाण्याचं सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या लोकांना सगळ्यात कमी कळणारी गोष्ट ही आहे. सेशनमध्ये बक्षीस म्हणून जो मासा देतात तो काही जादा खाऊ नसतो, तो त्याच्या दिवसाच्या जेवणातलाच असतो, सकाळी वजन करून बादल्या भरलेल्या असतात. मोठा डॉल्फिन दिवसाला साधारण आठ-दहा किलो खातो, हेरिंग, केपलिन, मॅकरेल, स्क्विड, सगळं फ्रोझन. फ्रोझन माशात बी-वन जीवनसत्त्व टिकत नाही म्हणून गोळ्या माशाच्या कल्ल्यात खुपसून देतात, आणि पाणीही कमी पडतं (डॉल्फिन पाणी माशातूनच मिळवतो) म्हणून जिलेटिनचे तुकडे चारतात, ते त्यांना आवडतातही. आता प्रश्न हा की डॉल्फिनने दुपारच्या सेशनला नकार दिला, गेटमधून आलाच नाही, तर त्या बादलीचं काय? चांगल्या जागी सरळ नियम असतो, काम करो न करो, दिवसाअखेर ठरलेलं जेवण पूर्ण पोटात गेलंच पाहिजे, आणि नकार डायरीत लिहायचा, दोन-तीन नकार आले की व्हेटला बोलवायचं कारण बऱ्याचदा पोट बिघडलेलं असतं, अल्सर वगैरे. वाईट जागी मॅनेजर येऊन विचारतो, पुढचे लोक वेटसूट घालून उभे आहेत, काहीतरी करा. मग सकाळचं थोडं कमी द्यायचं म्हणजे दुपारी भूक राहते. हे कुणी कागदावर लिहीत नाही. उपाशी ठेवतात असं मी म्हणत नाही, उपाशी ठेवलेला डॉल्फिन महिनाभरात अंगाने दिसतो, डोक्याच्या मागे खळगा पडतो, पण जेवण आणि काम यांची गाठ इतकी पक्की बांधलेली असते की "स्वखुशीने भाग घेतो" हे वाक्य मी ऐकलं की मला बादलीचा हिशोब बघावासा वाटतो.

याचीच दुसरी बाजूही खरी आहे आणि ती न सांगणं अप्रामाणिक होईल. फ्रान्समधल्या पार्क ॲस्टेरिक्समध्ये क्लेग आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2018 च्या सुमारास बघितलं की डॉल्फिन कशाची वाट बघतात. वेगवेगळ्या घटनांच्या आधी वेगळी खूण द्यायची आणि मग ते पाण्याबाहेर डोकं काढून किती बघतात, कडेला किती येऊन थांबतात ते मोजायचं. खेळण्यांपेक्षा ओळखीच्या ट्रेनरसोबतच्या वेळेची वाट त्यांनी जास्त बघितली. मी स्वतः हे रोज बघितलंय, आणि यात बादलीचा भाग नसतोच असं नाही पण फक्त बादली नसते, ओळखीच्या माणसासोबत ते नुसते पाणी उडवत, शेवाळाचा तुकडा फेकत खेळतात. पार्कवाले या पेपरचा अर्थ लावतात की बघा, त्यांना माणसं आवडतात. मी म्हणतो बरोबर आहे, आणि त्या टाकीत वाट बघण्यासारखं दुसरं काही नाहीये हेही त्यातच आलं. शिवाय ती ओळखीची माणसं होती, रोज नवीन शंभर टूरिस्ट नव्हते.

उरलेल्या साडेतेवीस तासांत काय असतं? सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सोबत कोण आहे. फ्लोरिडात सारासोटाच्या खाडीत 1970 पासून एकाच डॉल्फिन समाजाचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. तिथे दिसतं की पिल्लू आईसोबत तीन ते सहा वर्षं राहतं, मोठे नर जोडी जमवतात आणि ती जोडी वर्षानुवर्षं टिकते, माद्यांचे आपापले गट असतात, आणि पटलं नाही तर लांब निघून जायला अख्खी खाडी आहे. टाकीत गट कोण ठरवतं? स्टॉक मॅनेजमेंट. एका कंपनीच्या दोन-तीन शाखा असतील तर प्राणी इकडून तिकडे हलवले जातात. 2013 मध्ये ब्रक नावाच्या संशोधकाने दाखवलं की डॉल्फिन जुन्या सोबत्याची खास शिट्टी वीस वर्षांनंतरही ओळखतात, म्हणजे आपण हलवलं तरी ते काही विसरत नाहीत. आणि 2002 च्या वेपल्स आणि गेल्स यांच्या पेपरमध्ये गटातल्या ताणामुळे डॉल्फिन जेवण सोडतात, आजारी पडतात आणि मरतातही हे केसवार मांडलंय. मला विचाराल तर माणसांनी गाल पुढे करण्यापेक्षा हा ताण कितीतरी मोठा, आणि तो तिकीट काढून आलेल्याला कधीच दिसत नाही.

मग जागा. अमेरिकी कायद्यात बॉटलनोजसाठी (अशा सेशनमध्ये बहुतेक वेळा दिसते ती डॉल्फिनची जात) टाकीचं किमान आडवं माप 24 फूट आणि खोली 6 फूट आहे. डॉल्फिन स्वतः आठ-नऊ फुटांचा. आपल्याकडच्या वन बीएचकेची लांबी डोळ्यासमोर आणा, कायद्याने तेवढं चालतं. चांगली ठिकाणं याच्या कितीतरी पट मोठी असतात, दुबईतली मोठी हॉटेलवाली लगूनही मोठी आहेत, तेही सांगायला हवं. पण नुसत्या आकाराने सगळं सुटत नाही. रोज काही नवीन करायला मिळतं का, गट बदलता येतो का, यानेही बराच फरक पडतो. आखातात त्यात सावलीचा प्रश्न मोठा. डॉल्फिन दिवसभर मान वर करून ट्रेनरकडे आणि बादलीकडे बघतो, वरून ऊन, खालून फिकट रंगाच्या तळाची चमक, डोळे खराब होतात, पाठ भाजते. पाण्याचा चिलर बंद पडला की ऑगस्टमध्ये आमची रात्र तिथेच जायची. आवाजाचं तर काय सांगू, आपल्याला 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यांना 150 च्या आसपासपर्यंत ऐकू येतं, आणि टाकीच्या भिंतीला लागून पंप घरघरतोय चोवीस तास.

आणि ते आले कुठून हा प्रश्न विचाराच. 2007 मध्ये सॉलोमन बेटांवरून 28 डॉल्फिन विमानाने दुबईला आणले होते, समुद्रातून पकडलेले, त्यावर जगभर आरडाओरडा झाला. सिंगापूरच्या रिसॉर्टमधले डॉल्फिनही मूळ तिथलेच. पकडल्यानंतरचे पहिले साधारण 60 दिवस सगळ्यात जास्त मरण्याचे असतात, हे 1995 मध्येच आकड्यांनी दाखवून झालंय. आता बऱ्याच ठिकाणी तिथेच जन्मलेले प्राणी आहेत, आणि अमेरिकेतल्या चांगल्या जागांमधलं आयुष्यमान पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय, "सगळे पाच वर्षांत मरतात" हे जे फॉरवर्ड फिरतं ते खोटं आहे, फिरवू नका.

भारतात हा प्रश्नच येत नाही. चेन्नईजवळ 1998 मध्ये बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले, आणि नंतर आपल्या सिंधुदुर्गासकट दोन-चार ठिकाणी डॉल्फिन पार्कचे बेत निघाले तेव्हा केंद्राने मे 2013 मध्ये परिपत्रक काढून डॉल्फिनेरियमना परवानगीच नाही असं करून टाकलं. ब्रिटनची गंमत वेगळी, तिथे बंदी नाहीये, नियम इतके कडक केले की 1993 मध्ये शेवटचं ठिकाण बंद पडलं आणि नवीन काढायला कुणी आलंच नाही. कॅनडाने 2019 मध्ये नवीन प्राणी ठेवणं बंद केलं, फ्रान्सने 2021 मध्ये कायदा केला, आणि मेक्सिकोने, जिथे हा पोहण्याचा धंदा प्रचंड मोठा आहे, 2025 मध्ये शो बंद करायचा कायदा आणला. बालीतल्या हॉटेलमधून सोडवलेले तीन डॉल्फिन, जॉनी, रॉकी आणि रॅम्बो, तीन वर्षं समुद्रातल्या कुंपणात तयारी करून सप्टेंबर 2022 मध्ये समुद्रात सोडले. सगळ्यांना असं सोडता येत नाही, टाकीत जन्मलेल्याला तर बहुतेक वेळा जिवंत मासा पकडायची सवयच नसते, म्हणून "सोडून द्या की" म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही.

तर ताई, तुमच्याबद्दल. मी असतो तर सेशन काढून टाकायला सांगितलं असतं, आणि मुलांना कारण खरं सांगितलं असतं. तरीही जाणार असाल तर काऊंटरवर हे विचारा: एक डॉल्फिन दिवसात किती सेशन करतो, आज कुठल्या डॉल्फिनने नकार दिला होता का आणि मग तुम्ही काय केलंत, आणि माणसांना बंदी असलेली जागा कुठे आहे ती दाखवा. दुसऱ्या प्रश्नावर ट्रेनर सहज, नाव घेऊन सांगायला लागला ("अमकी आज आलीच नाही, मग दुसऱ्याला घेतलं") तर जागा बरी आहे. "आमचे डॉल्फिन कधीच नाही म्हणत नाहीत" असं उत्तर आलं तर तिथून निघा. पाण्यात उतरलात तर अंगठ्या-घड्याळ काढा, त्यांची कातडी फार नाजूक असते, सर्दी-खोकला असेल तर उतरूच नका, आणि डोक्यावरच्या श्वासाच्या भोकाजवळ हात नेऊ नका.

मुलांना डॉल्फिन दाखवायचेच असतील तर घरचा पर्याय आहे. दापोली-हर्णै, मालवण-तारकर्ली, गोव्यात सिंकेरी, हिवाळ्यात बोटी जातात आणि दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, पाठीवर उंचवटा असलेले, ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. पण तिथेही बोटवाले पाच-सहा मिळून घेरतात, टूरिस्ट ओरडतात "जवळ घे जवळ घे" म्हणून. नाखवाला आधीच सांगा की काका, मागे लागायचं नाही, इंजिन हळू ठेवून बाजूबाजूने चला, ते बुडी मारून दुसरीकडे निघाले की आपण सोडून द्यायचं, आणि नाही दिसले तरी पैसे पूर्ण देणार. हे शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडतं, कारण तो पाठलाग करतो तो तुम्ही नाराज व्हाल म्हणूनच.

बहिणीच्या मुलाचं. डॉल्फिन थेरपीने ऑटिझममध्ये फरक पडतो याला धड पुरावा नाही, मरीनो आणि लिलियनफेल्ड यांनी 1998 मध्ये आणि परत 2007 मध्ये असे अभ्यास तपासले आणि जवळपास सगळ्यांत तीच खोट निघाली, नवीन जागा, पाणी, भरपूर लक्ष देणारी माणसं यांचा परिणाम कुठला आणि डॉल्फिनचा कुठला हे वेगळं काढलेलंच नव्हतं. मुलाला त्या दिवशी मजा येईल, नाही असं नाही. पण अडीचशे किलोचा प्राणी आहे, घाबरलेल्या मुलाने अचानक हात-पाय झाडले तर तो काय करेल याची खात्री ट्रेनरही देऊ शकत नाही, चावल्याच्या आणि धक्का दिल्याच्या घटना झालेल्या आहेत. आठवड्याच्या कोर्सला जेवढे पैसे मागतात तेवढ्यात आपल्याकडे चांगल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे कितीतरी महिने जाता येतं, आणि त्याला पाणी आवडत असेल तर जवळच्या स्विमिंग पूलमध्ये एकट्याला शिकवणारा कोच बघा, सकाळची गर्दी नसलेली बॅच मागून घ्या.